घोंगडी राखणारं कुत्रं

आमच्या कुत्र्याला म्या स्वतः शिकवलं होतं. रानात घोंगडी टाकली की त्यानं राखत बसायचं. माझी शिट्टी ऐकल्याबिगर कुणालाच, मलासुदिक, उचलू द्यायची न्हाय. गावात लई बढाई मारली मी त्याची.

मग आजारपणात वरीसभर रान दिसलं न्हाय. धाराशिवला नेऊन पोरांनी माझे सगळे दात काढून आणले. परवा रानात गेलो, लिंबाखाली घोंगडी टाकली. निघताना उचलाय गेलो तर कुत्रं माझ्यावरच गुरगुरलं. मी हबकलो. शिट्टी घालावी तर बोळक्यातनं नुसता वारा. घोंगडी सोडून गेलो तर गाव हसंल, म्हणून फुंकतच राहिलो. कुत्रं हाललं न्हाय.

बायको बांधावरनं बघत होती. तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की कुत्रं उठून बाजूला झालं. माझं तोंड उघडंच राहिलं. एवढ्या संसारात तिची शिट्टी ऐकली नव्हती.

"तुला कुणी शिकवली?"

"तुमीच की. त्याला शिकवत होता, तवा मी तिथंच खुरपत होते. ध्यानात काय कुत्र्याच्याच राहतंय?"

आता घोंगडी न्यायची तर तिला संगं न्यावं लागतंय.