थांबा, येतंय

शब्द अडला की तो उजव्या हाताचा पंजा छातीसमोर धरायचा, रस्ता ओलांडताना आपण गाडीवाल्याला दाखवतो तसा, आणि म्हणायचा, "थांबा, येतंय." हे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडात कधीच अडले नाहीत. मग डोळे मिटून अडलेला शब्द तो ओढून बाहेर काढायचा आणि पुढचं वाक्य जसं काही झालंच नाही अशा थाटात पूर्ण करायचा.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. वर्गात होता, नाहीतर ऑफिसात. आपण काय करतो, तर त्याचा शब्द आपणच पूर्ण करून टाकतो, आणि आपल्याला वाटतं, मदत केली.

नेरुळला आमच्या बिल्डिंगच्या खाली एक छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं. तो तिथं कामाला होता. मालक पुढच्या टेबलावर फोन घेऊन बसायचे आणि हा मागे, कॉम्प्युटरच्या आड. तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, व्हिसाचे कागद सगळं तो बघायचा. फोन वाजला तर मात्र मालक बाहेर टपरीवर असले तरी हातातला चहा सांडत धावत यायचे, याने उचलू नये म्हणून.

तो मूळचा नेरुळला लागून असलेल्या शिरवणे गावातला, इथल्याच मातीतला. त्यांची भातशेती नवी मुंबई वसताना गेली. आता गावठाणातल्या घरावर मजले चढले होते आणि खोल्या भाड्याने दिल्या होत्या. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. भाडेकरू सांभाळ, घरचं बघ, फार बोलावं लागत नाही. आम्हाला वाटायचं, याला कॉम्प्युटरची आवड आहे म्हणून हा इथे येऊन बसतो. त्याला खरी आवड होती बोलण्याची. हे ना मालकांना माहीत होतं, ना आम्हाला.

मला कळलं ते असं. मी आणि आमचे हे राजस्थानला जायचं ठरवत होतो. मार्च संपत आलेला, उन्हाळा तोंडावर, म्हणून ग्रुपही लहान होता. चौकशीला खाली गेले तर त्यानेच सांगितलं की टूर मॅनेजर म्हणून तो येणार आहे. नेहमीचा मॅनेजर नोकरी सोडून गेला होता, आणि शहरात बोलायला तिथला गाईड असतोच, या हिशोबाने मालक तयार झाले होते. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते त्याने बरोबर वाचलं.

"काकू, जयपूर, जोधपूर, जैसलमेर," तो म्हणाला. ही तीन नावं घेईपर्यंत बाहेर रिक्षावाल्याने गिऱ्हाईक घेतलं, घासाघीस केली आणि तो निघूनही गेला. "तिनी ज वर. मला ज चाच जास्ती त्रास हाय."

मग दुसरी सहल का नाही मागितलीस, असं मी विचारलं. मालक केरळ देत होते, असं तो म्हणाला. पण केरळला गेलो असतो तर ज तसाच राहिला असता.

जयपूरला आम्ही बसमध्ये बसलो आणि त्याने माइक हातात घेतला. स्वागत झालं, स्वतःचं नाव झालं, आणि मग शहराचं नाव आलं. पंजा वर गेला. "थांबा, येतंय." बस चालत होती, दुकानं मागे पडत होती, माइकमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मागच्या सीटवरच्या पनवेलच्या बाई कळवळून ओरडल्या, "जयपूर!"

त्याने डोळे उघडले. रागावला नाही. "काकी," तो शांतपणे म्हणाला, "शब्द माझा हाय. मला काढू द्या." आणि त्याने तो काढला. तोवर हवामहल येऊन गेला होता. बसला परत वळसा घालावा लागला.

सकाळी मात्र तो मोठा वक्ता असायचा. 'चहा' आणि 'नाश्ता' त्याला अडत नसत. हॉटेलच्या जिन्यात उभा राहून तो असा खणखणीत पुकारा करी की आमच्या ग्रुपमध्ये नसलेली माणसंही खाली येऊन बसत. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला खिडकी, कुणाचा गुडघा जिन्यावर दुखतो, हे त्याला विचारावं लागत नसे. पण बसमध्ये माइक हातात घेतला की लोक खिडकीबाहेर बघायला लागत. काहींना त्याची दया येई, काहींना कंटाळा.

जोगळेकर साहेबांना कंटाळा आला होता आणि ते तो लपवत नव्हते. साहेब वाशीचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सोबत पत्नी. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक शहराबद्दल वाचून आला होता आणि त्याला ऐकायचं होतं. आपण स्थलदर्शनाला आलो आहोत, कुणाच्या सरावाला नाही, असं ते जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोरच म्हणाले. त्याने त्यांच्या ताटात गरम फुलका वाढला.

जोधपूरहून साहेबांनी मालकांना फोन केला. दुपारी मालकांचा याला फोन आला. जैसलमेरचा किल्ला बघायच्या दिवशी दुसरा माणूस येऊन ग्रुप ताब्यात घेणार, तोपर्यंत याने पाण्याच्या बाटल्या आणि खोल्यांच्या किल्ल्या तेवढ्या बघायच्या, माइकला हात लावायचा नाही. हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. त्यानेच जोधपूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. 'जैसलमेर' हा शब्दही त्याने टाळला नाही.

वर तटावर मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खाली निळी घरं पसरली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस.  तो शाळेतलं सांगू लागला. कविता म्हणायची पाळी आली की बाई याच्या आधीच्या मुलापर्यंत यायच्या आणि मग याच्या पुढच्या मुलाचं नाव घ्यायच्या. दरवर्षी, प्रत्येक बाई. कुणी वाईट नव्हतं, सगळ्यांना त्याची काळजीच होती.

"मी कधी नापास नाय झालो, काकू," तो म्हणाला. "मला कुनी उभंच केलं नाय. हितं पहिल्यांदा मीच उभा राह्यलो."

 मी पर्समधली सुपारी पुढे केली. त्याने ती घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाळवंटात पोचलो. जैसलमेरच्या पलीकडे वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे उंटावरून नेतात आणि सूर्यास्त दाखवतात. सगळे लहान मुलांसारखे झाले होते. पनवेलच्या बाई उंटावर बसून देवाचा धावा करत होत्या आणि उतरायलाही तयार नव्हत्या. जोगळेकर साहेब कॅमेरा घेऊन, माणसं नसलेली वाळू हवी म्हणून, एका टेकडीपलीकडे गेले.

पश्चिमेला एक तांबूस भिंत दिसली. आम्हाला वाटलं, सूर्यास्ताचाच रंग. उंटवाल्यांनी मात्र भराभर उंट खाली बसवले आणि ओरडायला लागले, आंधी, आंधी. पुढच्या क्षणी वाळू आमच्यावर आली. नाकात, डोळ्यांत, दातांत वाळू. शेजारी बसलेला माणूस दिसेना. त्याने आम्हाला एकेकाला धरून उंटांच्या आडोशाला बसवलं, ओढण्या आणि पदर तोंडावर घ्यायला लावले, आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजत गेला. एक खांदा कमी होता.

जोगळेकर वहिनींनी किंकाळी फोडली. मग सगळेच ओरडायला लागले. कुणी साहेब म्हणतंय, कुणी काका म्हणतंय, उंटवाले त्यांच्या भाषेत, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. वारा ते सगळं फाडून इकडेतिकडे फेकत होता. शोधायला जाऊ नका, जाल तर तुम्हीही हरवाल, असं उंटवाला परत परत बजावत होता. आणि उजेड कमी होत चालला होता.

तेव्हा तो उभा राहिला. "सगले गप!" असा आवाज त्याने टाकला की खरंच सगळे गप्प झाले. "एकाच जागेवरनं एकच आवाज पायजे. नायतर त्यांना कळनार नाय कुठं यायचं."

एका उंटाच्या पाठीला पाठ लावून, तोंडावरचा रुमाल खाली ओढून त्याने हाक मारायला सुरुवात केली. आणि आडनाव होतं जोगळेकर.

"जो... जो... जो... जो..."

तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही वाटलं असतं, आता कुणीतरी पुढचं म्हणा. मलाही वाटलं. पण कुणी बोललं नाही. तो थांबला नाही, पंजा वर केला नाही, डोळे मिटले नाहीत. तो तेच एक अक्षर पूर्ण ताकदीने, सारख्या अंतराने, वाळूवर फेकत राहिला. मधूनच कधीतरी पूर्ण नाव सुटायचं आणि परत तो पहिल्यापासून सुरू करायचा. आपण कुणाला हाक मारली आणि ओ आली नाही, की तिसऱ्या-चौथ्या वेळी आपला आवाज खचतो. याला एकाच शब्दाशी झगडायची आयुष्यभराची सवय होती. त्याचा आवाज खचला नाही. वहिनी माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्या 'जो'मधून त्यांना धीर येत होता हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. हाक चालू आहे म्हणजे माणूस आहे.

वाळूतून एक आकृती आली. गुडघ्यांवर, हातांवर, चष्मा नाही. जोगळेकर साहेब आले ते थेट त्याच्या पायांवर आदळले. त्याने त्यांना उचललं, उंटाच्या आडोशाला बसवलं, त्यांचे डोळे आपल्या बाटलीतल्या पाण्याने धुतले, आणि मगच स्वतः खाली बसला.

वारा पडल्यावर आम्ही मुक्कामाच्या तंबूंकडे परतलो. तिथे चहा प्यायल्यावर साहेबांनी आम्हाला सांगितलं की आधी त्यांना चारही बाजूंनी आरडाओरडा ऐकू येत होता, आणि ते एकीकडे चार पावलं जाऊन परत फिरत होते. मग एकच आवाज यायला लागला. पूर्ण हाक असती तर ऐकू आली असती आणि संपली असती. ही संपतच नव्हती. एक 'जो' ऐकून तोंड वळवलं, पुढच्या 'जो'ला पाऊल टाकलं.

"माझं नाव घ्यायला त्याला जेवढा वेळ लागला," साहेब म्हणाले, "तेवढ्या वेळात मी येऊन पोचलो."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसलो. सगळ्यात मोठ्याने तो हसला.

साहेबांनी तिथूनच मालकांना फोन लावला. दुसरा माणूस नको, असं सांगितलं. मालक बहुधा काही समजावत असावेत, कारण साहेबांनी आपला जुना हुद्द्यावरचा आवाज काढला आणि मालक ऐकून घेऊ लागले.

दुसऱ्या दिवशी जैसलमेरच्या किल्ल्यात आम्हाला त्यानेच फिरवलं. तिथला गाईड बरोबर होता, पण साहेबांनी त्याला हात जोडून मागे चालायला सांगितलं. सोनेरी दगडाचा तो किल्ला, आत गल्ल्या, गल्ल्यांत घरं, दारात वाळत घातलेले कपडे. एका चौकात तो उभा राहिला आणि बोलायला लागला. कितीदा तरी अडला. कुणी घड्याळ बघितलं नाही. पनवेलच्या बाईंनी तर स्वतःच्या तोंडावर पदर धरला होता, न जाणो, शब्द सुटायचा.

"लोकांना वाटतं किल्ला म्हंजे आदी होऊन गेलेलं," तो म्हणाला. "हितं अजून मानसं राहतात. कुकर लावतात, पोरं शाळेत जातात. माझं शिरवनं पन असंच हाय. भवताली नवं शहर उभं राह्यलं, पन गाव आत जितं हाय. तुमी रोज त्याच्या बाजूनं जाता. कधी आत या, मी दाखवीन."

आमच्यातले बहुतेक जण नवी मुंबईत पंचवीस-तीस वर्षं राहत होते. शिरवण्याच्या आत कुणीच गेलं नव्हतं. जोगळेकर साहेबांनी हात वर केला, वर्गातल्यासारखा, आणि प्रश्न विचारला. मग दुसऱ्याने विचारला. तो प्रत्येकाला उत्तर देत होता आणि त्याला घाई नव्हती. ऊन चढलं तरी कुणी सावलीत गेलं नाही. शाळेत त्याला ओलांडून पुढे गेलेल्या सगळ्या पाळ्या त्या चौकात त्याच्याकडे परत आल्यासारख्या वाटत होत्या.

परतीची बस नेरुळला लागली तेव्हा त्याची आई घ्यायला आली होती. काठापदराची साडी, केसात अबोलीचा गजरा. पोराकडे जाण्याआधी ती माझ्याकडे आली, आणि त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने हळूच तिने विचारलं, "बोल्ला का वो बाय, माजा पोर?"

मी म्हटलं, बोलला. सगळ्यांना गप्प करून बोलला.

तिने डोळ्याला पदर लावला नाही. मान ताठ केली, बसमधून उतरणाऱ्या एकेका माणसाकडे बघून घेतलं, आणि मग बॅगा उतरवणाऱ्या पोराला मोठ्याने म्हणाली, चल, घरी जेवन थंड होतंय.

त्यानंतर तो आमच्या बिल्डिंगखाली फार दिवस राहिला नाही. एकामागून एक सहली त्याला मिळत गेल्या, पुढे त्याने स्वतःचं ऑफिस काढलं, पनवेलजवळ करंजाड्याला. खालच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. तोतरेपणा गेला का, असं लोक मला विचारतात. नाही गेला. लोक आता त्या तोतरेपणासकट त्याची सहल बुक करतात, एवढाच फरक. शिरवण्यातूनही तो रविवारी माणसांना फिरवतो. पहिल्या रविवारी जोगळेकर साहेब पुढे होते, नवा चष्मा लावून.

मागच्या महिन्यात मी करंजाड्याला गेले होते. ऑफिस प्रशस्त आहे. काउंटरवर एक चटपटीत मुलगी होती. सर ग्रुप घेऊन राजस्थानला गेलेत, असं म्हणाली. माझी ओळख सांगितल्यावर ती खुर्ची पुढे करून म्हणाली, "फोन लावून देऊ का, काकू? सरांना बरं वाटेल."

सकाळची वेळ होती. तिकडे आत्ता माणसं किल्ला चढून चौकात जमली असतील.

"नको," मी म्हटलं. "तो बोलत असेल."