काचेखाली राहिलेला चेहरा

रशीदभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने केला. "नानाकाका, अब्बा गेले. पहाटे, झोपेतच." मी तिला काय म्हणालो ते आता आठवत नाही. पण मनात पहिल्यांदा जे आलं ते लख्ख आठवतं, आणि त्याची लाजही वाटते... आता सांगायचं राहूनच गेलं.

रशीदभाई इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. पुण्याहून मिरजेला मीटरगेजची गाडी धावायची तेव्हा सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून ते वाफेच्या इंजिनांचे फोटो काढत फिरायचे. पुढे ती लाइन रुंद झाली, इंजिनं भंगारात गेली आणि हे फोटो तेवढे उरले. दर रविवारी सकाळी त्यांच्या घोरपडीच्या घरी आम्ही चार-पाच शौकीन ते बघायला जमायचो. शिस्त कडक. आधी चहा, मग साबणाने हात धुवायचे, मग फोटो, तोही फक्त कडांना धरून. चुकून कुणाचं बोट मध्ये गेलं की ते म्हणायचे, "अहो, इंजिन उभंय, ढकलू नका." घरी न्यायला मागितला तर फोटो द्यायचे, पण बजावून, "जपून हं, याची निगेटिव्ह राहिलेली नाही."

मीही एक आणला. जेजुरीला पाणी भरत असलेलं इंजिन आणि पायरीवर उभे असलेले त्यांचे वडील. वडील ड्रायव्हर होते आणि इंजिनासोबतचा त्यांचा हा एकच फोटो. आठवड्याभराने परत द्यायचा होता. पण शनिवार पेठेतल्या माझ्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून मी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि आठवड्याचा पावसाळा झाला. काचेला ओल आली, फोटो चिकटला. मी शहाण्याने तो ओढला... इंजिन हातात आलं, वडिलांचा चेहरा काचेलाच राहिला.

"फोटो कुठे ठेवलाय ते आठवत नाहीये," मी रशीदभाईंना सांगितलं.

"सापडेल हो. गाडी लेट आहे म्हणायचं."

मी काचेवर कॅलेंडर अंथरलं. माझं रविवारचं जाणं कमी होत होत बंदच पडलं. कधी गुडघा, कधी पाहुणे, कारणांना काय तोटा? त्या माणसाशिवाय मला करमत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर बसवतही नव्हतं. अशी वर्षं गेली. मध्ये मी आजारी पडलो तेव्हा ते भेटायला आले, टेबलाशेजारीच बसले, कॅलेंडरचं उचललं गेलेलं टोक त्यांनी सारखं केलं. निघताना म्हणाले, "टेबल छान ठेवलंयत, नाना." मला बापड्याला ते कौतुक वाटलं.

ते गेल्यानंतर महिन्याभराने मी शबानाकडे वारज्याला गेलो. फाटका फोटो पाकिटात होता. सगळं सांगून टाकलं. "तुझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो मी घालवला, आणि निगेटिव्हही नाही..." म्हणत मी पाकीट तिच्यापुढे सरकवलं.

शबाना हसायला लागली. आत जाऊन तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. डब्यात कागदाच्या पुड्यांत नीट ठेवलेल्या निगेटिव्ह. सगळ्याच्या सगळ्या.

"काका, ते सगळ्यांनाच तसं सांगायचे. नाही तर लोक नीट जपत नाहीत म्हणे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? स्वतःची थाप उघडी पडली असती ना! तुम्ही यायचं थांबलात तेव्हा फार चुकल्यासारखं झालं त्यांना. दर रविवारी म्हणायचे, आज जाऊन सांगतो... आणि हे ठेवून गेलेत. म्हणाले, नानांनी कबूल केलं तरी द्यायचं, नाही केलं तरी द्यायचं."

तिने डब्यातून काढून दिलेल्या लिफाफ्यात तोच फोटो होता, नवा करकरीत. जेजुरी, इंजिन, पाण्याची धार, आणि टोपी सारखी करणारे वडील, चेहऱ्यासकट. छातीवरचा इतक्या वर्षांचा धोंडा उतरला. मी तिच्यासमोर रडलो आणि हसलोही. दोन म्हातारे, आपापली थाप सांभाळत बसलेले, आणि किती रविवार फुकट घालवले आम्ही!

घरी येऊन पहिलं काम केलं, कॅलेंडर काढून टाकलं. काचेतून रशीदभाईंचे वडील आता रोज माझ्याकडे बघतात, आणि मीही त्यांच्याकडे बघू शकतो. नवा फोटो कपाटात आहे. हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाही. मागे रशीदभाईंच्या वळणदार अक्षरात इंजिनाचा नंबर आहे, स्टेशनचं नाव आहे, आणि खाली एक सूचना :

'नानांसाठी. काचेखाली ठेवू नये.'