पावडरीची पेटी

"तू पेटीत हात घालू नको. तुझी पावडर घरून आण."

जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या बाईंनी हे सगळ्या मुलींसमोर सांगितलं. मी सातवीत होते. वाशीच्या क्लबच्या हॉलमध्ये झोके घ्यायच्या बारजवळ एक लाकडी पेटी असायची. बारवरून हात सुटू नयेत म्हणून सगळ्याजणी तिच्यातली पांढरी पावडर तळव्यांना चोळायच्या. पेटी सगळ्यांची. फक्त माझी नाही. कारण कुणी सांगितलं नाही. पण आडनाव कळलं त्या दिवसापासून हे सुरू झालं, एवढं काय मला कळत नव्हतं?

बाप पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. पावडर कुठं मिळते कुणाला ठाऊक. आम्ही कोकणातले, आईनं भाकरीचं तांदळाचं पीठ फडक्यातून चाळलं, डब्यात भरलं. म्हणाली, "पांढरंच हाय ना, लाव." मलाही पटलं. घामानं त्या पिठाचा लगदा झाला. हात सुटले, मी पाठीवर आपटले. मुली खिदळल्या. बाई म्हणाल्या, "भाकऱ्या थापायला आलीस का?"

पाठीचं काही वाटलं नाही. आईनं किती बारीक चाळलं होतं ते! माझं डोकंच सरकलं.

राज्याच्या संघाची निवड होती त्या दिवशी डबा घरीच ठेवला. बाहेरचे परीक्षक बसलेले. माझं नाव पुकारलं. सरळ गेले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पेटीत घातले.

बाई दातओठ खात पुटपुटल्या, "हात काढ."

"नाही काढत."

बारवर चढले. पडले नाही. निवड झाली. दुसऱ्या दिवशी बघते तर बाईंनी पेटीतली सगळी पावडर फेकून नवी भरलेली. मी पुन्हा हात घातले. त्यांनी पुन्हा फेकली. मी पुन्हा घातले. देशाकडून खेळले तरी त्या हॉलमध्ये हे चालूच होतं. वैताग यायचा, घरी येऊन भांडी आपटायचे.

यंदा खेळ सोडला. त्याच क्लबनं सत्काराला बोलावलं. बाई बोलणार होत्या, आमच्या हाताखाली घडलेली मुलगी म्हणून. मी कळवलं, येते, पण आधी पेटीचं सांगीन. त्यांनी बोलावणं मागं घेतलं.

जाऊ दे. सोमवारी मी आमच्या वस्तीतल्या पोरी घेऊन त्या हॉलवर जाणार आहे. नावं घाला म्हणून उभी राहणार, घालेपर्यंत हलणार नाही. पोरींच्या आयांना बजावून ठेवलंय, एकीच्याही हातात डबा द्यायचा नाही.