आदाब आम्ही करत नाही

क्लबहाउसमध्ये मुली उंचीप्रमाणे उभ्या केल्या होत्या. देशोदेशीच्या दिवसासाठी कोळी नाचाची तालीम. माझी निदा मधे कुठेतरी, ओढणी कमरेला खोचून. कार्यक्रम बसवणाऱ्या मेधाताई आल्या. हसत आल्या. निदाच्या खांद्यावर हात ठेवून तिला रांगेतून अलगद बाजूला काढलं. तांदळातला खडा काढतात तसं.

"हिला आपण वेलकमला ठेवू," त्या मला म्हणाल्या. "शरारा घालून दारात उभी राहील, येणाऱ्यांना आदाब करेल. किती गोड दिसेल!"

मी म्हटलं, "तिला नाच येतो, मेधाताई. गाणं पाठ आहे तिचं. अर्थासकट. मीच शिकवलंय."

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठे शिकलात?"

मी थँक्यू म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कुठे शिकले? श्रीवर्धनच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव आहे, तिथे शिकले. आईच्या शिव्या खात शिकले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. डी.एड. झाले तेही मराठी माध्यमातून. आमच्या मागच्या दाराशी कोळीवाडा. ईदची खीर तिकडे जायची, नारळी पौर्णिमेचा भात इकडे यायचा. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला फार गोड वाटतं. एवढं गोड नव्हतं ते. भांडणंही व्हायची, मासळीवरून, वाटेवरून, बोरीच्या झाडावरून. पण भांडणंसुद्धा मराठीतच व्हायची.

आणि आदाब? आदाब मी सिनेमात पाहिला. आमच्याकडे दारात पाहुणा आला की सलाम करतात आणि विचारतात, "जेवलीस काय गो?"

तालमीहून आम्ही दोघी परत निघालो. निदा इथल्या, सौदीतल्या, इंडियन शाळेत जाते. मी मराठीत बोलले की ती हिंदीत उत्तर देते, कधी इंग्रजीत. पण गाणं म्हणताना मराठी व्हायची. बागेपाशी आल्यावर तिने विचारलं, "अम्मी, हम मराठी नहीं हैं ना?"

मी तिच्या कमरेची ओढणी सोडली. मराठी शिकवायचा कागद आहे माझ्याकडे, आणि मी ओढणीच्या घड्या घालत होते.

आता आमचं कंपाउंड सांगते, म्हणजे माझा जळफळाट कळेल. सौदीच्या समुद्राकाठी, यान्बूत, रिफायनरीवाल्यांची अशी भिंतीआडची कंपाउंडं आहेत. आमच्यात स्विमिंग पूलच्या बाजूला व्हिला. तिथे ग्रीक राहतात, आणि मेधाताई राहतात, कारण त्यांचे मिस्टर मॅनेजर. मधल्या फ्लॅटांत कोलंबियाचे लोक. अगदी मागे, जनरेटरच्या भिंतीला लागून, आम्ही. जनरेटर सुरू झाला की आमच्या कपाटातल्या बश्या बोलायला लागतात.

मी कंपाउंडच्या बालवाडीत मदतनीस आहे. बालवाडी एलेनी चालवते. ती ग्रीक. वर्गशिक्षिका मारिसोल. ती कोलंबियाची. मारिसोल आली तेव्हा मदतनीसच होती, माझ्याबरोबर. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायची. कानामागून आली आणि तिखट झाली. आता मी तिच्या वर्गात नाकं पुसते.

मला या दोघींचा राग नाही. हेवा आहे. साधासुधा नाही, पोटात आग पडते असा.

ग्रीकांचं सांगते. एलेनीच्या नवऱ्याचा काका फार पूर्वी बांधकाम कंपनीत आला. साधा फोरमन म्हणून. त्याने पुतण्याला आणलं, पुतण्याने मेव्हण्याला. त्यांच्या देशात मंदी आली तेव्हा शिकलेली पोरं बेकार झाली. इथल्या म्हाताऱ्यांनी एकेकाला बोलावलं, घरात ठेवून घेतलं, आणि जिथे आपण बसतो त्याच्याच शेजारी खुर्ची मिळवून दिली. खालची नाही, शेजारची. आता ती पोरं व्हिलात राहतात.

कोलंबियावाले मूठभर. त्यांचा इथे कुणी काका नाही, कुणी साहेब नाही. पगार ग्रीकांच्या खाली, व्हिला बहुतेक कधीच मिळणार नाही. पण मारिसोलला बाळ झालं तेव्हा जिद्दाजवळच्या थुवालच्या विद्यापीठातलं एक कुटुंब गाडी भरून आलं, पार दक्षिणेच्या जिझानहून एकटा राहणारा एक इंजिनिअर आला. ओळख ना पाळख. फक्त देश एक. थुवालच्या त्या बाईनेच मारिसोलला शिक्षिकेच्या परीक्षेला बसवलं, फोनवर अभ्यास घेतला. ग्रीक वर चढले. कोलंबियावाले फार चढले नाहीत, पण एकटे पडले नाहीत.

आणि आम्ही? आम्ही कोकणातले लोक तर दोघांच्याही आधीचे. माझे अब्बा इथल्या बंदरावर मेसमध्ये स्वयंपाकी होते. माझा भाऊ इथेच ड्रायव्हर. माझा नवरा टेक्निशियन. आम्हीही एकमेकांना आणलं, नाही असं नाही. पण ड्रायव्हरने ड्रायव्हर आणला, स्वयंपाक्याने स्वयंपाकी. वर ओढायला वर कुणी असावं लागतं. वर आहेत की मराठी माणसं. पण वरची जागा निघाली की पुण्याहून कुणाचा तरी भाचा येतो. आपला तो बाब्या. आमचं कार्टं फार तर वेलकमला.

एकदा डबे आवरताना मी एलेनीला विचारलं. तिचा जन्म अलेक्झांड्रियाचा. आजोबांपासून सगळे इजिप्तमध्ये. ती ग्रीसला राहिलेली नाही, सुट्टीपुरती जाते. गेटवरच्या पहारेकऱ्याशी तर अशी अरबी बोलते की तो उठून उभा राहतो. मी विचारलं, "तुला तुमचे लोक कधी विचारतात का, तुझं ग्रीक इतकं छान कसं, कुठे शिकलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी परत विचारला. मग ती हसत सुटली. "विचारून तर बघू दे!" म्हणाली.

मारिसोलची आणखी गंमत. तिचं आडनाव चक्क अरबी. पणजोबा लेबनॉनहून कापडाचे गठ्ठे घेऊन कोलंबियाच्या किनाऱ्याला लागले. इकाम्यावरचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरचं, नाव वाचून इथले लोक विचारतात, "अरब?" ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "कोलंबियाना!" आणि तिचे देशवाले टाळ्या पिटतात. कुणी तिला दारात उभी करत नाही.

मी त्या दिवशी घरी येऊन कणीक मळली आणि ती इतकी तिंबली की नवरा बघत राहिला. "कोणावर राग काढतेस गो?" म्हणाला. मी सांगितलं, निदाला नाचातून काढलं. त्याने परात माझ्यापुढून ओढून घेतली. मग म्हणाला, "जाऊ दे. मेधाताईंच्या साहेबांकडे माझं प्रमोशन आहे. तू बिर्याणी कर नि मोकळी हो."

बिर्याणी. हो, ते राहिलंच. दर हिवाळ्यात कंपाउंडमध्ये देशोदेशीचा दिवस असतो. हिरवळीवर टेबलं मांडतात. भारताला जागा मोठी म्हणून मराठी मंडळींचं वेगळं टेबल. तिथे पुरणपोळी, साबुदाणा वडा, मोदक, आणि बाजूला माझी बिर्याणी. "बिर्याणी तुमच्याकडे!" असं मेधाताईंनी पहिल्याच वर्षी जाहीर केलं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ लावला. कारण मला बिर्याणी येत नव्हती. आमच्या घरी तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण. लग्नाच्या पंगतीला पुलाव व्हायचा, तोही बाहेरचा आचारी करायचा. हैदराबादच्या कुणा माणसाचा व्हिडिओ बघून मी मेधाताईंना हवी तशी मुसलमान झाले. लोक बोटं चाटत म्हणायचे, शेवटी ओरिजिनल ते ओरिजिनल. मी हसायचे.

या खेपेला मी बिर्याणी केली नाही. तांदूळ भिजवले, वाटले, आंबवले. नारळाचं दूध काढलं. वाट्यांना तूप लावून सांदणं उकडली. अब्बा मेसमधून सुट्टीवर आले की पहिल्या सकाळी आई हेच करायची. निदाला शरारा घातला नाही. तिचा रोजचा फ्रॉक. ती म्हणाली, "अम्मी, मेधा आंटी गुस्सा करेंगी." मी म्हटलं, "करू दे."

शुक्रवारची संध्याकाळ. अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज होऊन गेली होती. हिरवळ माणसांनी भरली होती. मी पातेलं घेऊन मराठी टेबलापाशी गेले. मेधाताई नऊवारीत होत्या. त्यांनी झाकण उचललं.

"हे काय? बिर्याणी कुठाय?"

"मला बिर्याणी येत नाही."

"चेष्टा करता की काय! सगळे वाट बघतायत."

"सांदणं आणलीयत."

"सांदण? ते फणसाचं करतात ना आमच्याकडे?"

"आमच्याकडे नारळाच्या दुधातलं करतात."

त्यांचा आवाज खाली आला. समजुतीचा झाला. "अहो, पण इथे महाराष्ट्र दिसायला हवा ना. लोकांना कळलं पाहिजे आपलं काय. हे असं मधेच कसं ठेवणार? तुम्ही मागे ठेवा, लागलं तर घेऊ."

माझी नजर पलीकडे गेली. कोलंबियाच्या टेबलावर मारिसोलने खिम्याचे कबे मांडले होते. लेबनॉनचा पदार्थ. टोकदार, तळलेले. वर कोलंबियाचा झेंडा टोचलेला. एक लेबनीज डॉक्टर तिथे थांबला आणि हसत म्हणाला, "हे तर आमचं." मारिसोल म्हणाली, "आमचंही आमचंच. खाऊन बघ." त्याने खाल्लं. संपलं. खलास. पणजोबाच्या गठ्ठ्यातून आलेला पदार्थ टेबलाच्या मधोमध, आणि माझ्या आईच्या चुलीवरचा मागे.

इतकं जळलं आत. काय सांगू! मला तिचे कबे उधळून द्यावेसे वाटले. खरंच वाटले. तिने माझं काय घेतलं होतं? काही नाही. तरी वाटले.

एलेनीने लांबूनच ओळखलं असावं. तिने हात केला. "इकडे ये! आमच्याकडे जागा आहे!" तिच्या टेबलावर खरंच जागा होती, तिने ताट सरकवून केली होती. निदाने माझा हात ओढला. "अम्मी, चलो ना, वहाँ चलते हैं."

पाऊल उचललं होतं मी. तिथे गेले असते तर सुखाची संध्याकाळ झाली असती. एलेनीने सगळ्यांना सांगितलं असतं, ही माझी मैत्रीण. पण मी काही ग्रीक नाही. कुणाच्या मनाच्या मोठेपणावर उभं राहायचं नव्हतं मला. मला माझी जागा हवी होती, आणि ती या टेबलावर होती.

मी पुरणपोळीचं ताट डावीकडे सरकवलं, मोदकांचं उजवीकडे. मधे पातेलं ठेवलं. मग निदाला म्हटलं, "इथे उभी राहा. माझ्याशेजारी."

तेवढ्यात रिफायनरीचे दोन मोठे मराठी साहेब सपत्नीक आले. मेधाताईंनी चेहरा बदलला. माझ्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या आमच्या कंपाउंडमधल्याच. यांचं मराठी ऐका हो, इतकं छान बोलतात! आम्हाला तर आश्चर्यच वाटतं."

मी त्यांचा हात पाठीवरून काढला. हळूच. त्यांनी निदाला रांगेतून काढलं होतं तसाच.

"तुमचंही मराठी छान आहे, मेधाताई," मी म्हटलं. "कुठे शिकलात?"

कुणी हसलं नाही. साहेबांपैकी एकाने घड्याळ बघितलं. एक बाई पुरणपोळीवर उगीचच तूप घालत राहिली. मेधाताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या ते सगळ्यांना दिसलं. मग त्या म्हणाल्या, "हा काय प्रश्न झाला?"

"हाच तर," मी म्हटलं.

कोळी नाच झाला. निदा नव्हती त्यात. गाण्याच्या एका ओळीत मुली चुकल्या, तेव्हा निदाचे ओठ हलत होते. पण मी पाहतेय म्हटल्यावर तिने ते मिटून घेतले. सांदणं फारशी कुणी खाल्ली नाहीत. उरलेली मी घरी आणली. रस्ताभर निदा माझ्यापासून दोन हात लांब चालत होती. तिला माझी लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी मला मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून काढलं. नवऱ्याच्या सलामाला मेधाताईंच्या मिस्टरांनी उत्तर दिलं नाही. प्रमोशन पुण्याच्या कुठल्या भाच्याला मिळालं ते सांगायला नको. नवऱ्याने चप्पल काढली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "झालं समाधान तुझं?"

नाही झालं. एलेनीचं हसणं आठवलं की आजही पोटात दुखतं. मारिसोल वर्गात शिरली की दुखतं. दुखू दे. इतकी वर्षं मी हा हेवा पाप म्हणून दाबून ठेवला होता. आता ठेवणार नाही. ज्याला आपलं काही गेलेलं कळतं, त्यालाच हेवा वाटतो.

बिर्याणी मी पुन्हा करणार नाही. माझ्या मराठीचं कौतुक केलं तर थँक्यू म्हणणार नाही. पुढच्या हिवाळ्यात टेबलं मांडली जातील. मला कुणी बोलावणार नाही. मी सांदणं घेऊन जाणार आहे आणि मधेच ठेवणार आहे.

आणि घरात. निदा अजून विचारते, "अम्मी, खाने में क्या है?"

मी म्हणते, "सांदण आहे. जेवलीस काय गो?"

ती हिंदीत उत्तर देते. मी पुन्हा मराठीत विचारते. ती वैतागते, दार आपटते. पलीकडे जनरेटर सुरू होतो, बश्या वाजायला लागतात. मी आवाज चढवते आणि मराठीतच विचारते.