आकडीकडे गेलेला हात

तेवीस वर्षे मी एक प्रसंग खोटा सांगत आलो. अकोले तालुक्यातल्या एका खिंडीत, भर धुक्यात, एका वाटमाऱ्याने मला गाठले, त्याने कोयता उगारला आणि मी कमरेचा चाकू काढून स्वतःचा जीव वाचवला, असे नगरच्या आमच्या गिरिभ्रमण मंडळात मी कितीदा तरी सांगितले आहे. नव्या सभासदांना मी याच प्रसंगाच्या आधारे शिकवीत असे की, रानात जाताना स्वसंरक्षणासाठी पाते जवळ असावे. म्यान कोणत्या बाजूला असावे, मूठ कशी धरावी, हेही दाखवीत असे.

त्या माणसाने कोयता उगारला नव्हता. त्याचा हात पाठीमागे गेला आणि कोयता घेऊन पुढे आला, एवढेच मी पाहिले होते. मी वार केला. तो त्याच्या मनगटावर बसला. तो माणूस मनगट धरून खाली बसला आणि मी आलो त्याच वाटेने पळत सुटलो. उगारलेला कोयता मी उतार उतरता उतरता मनात रचला. खाली मागे राहिलेल्या सोबत्यांपर्यंत पोहोचलो तेव्हा तो पुरता तयार झाला होता. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली.

मंडळाच्या परवाच्या वर्गात एका मुलीने वहीतून मान वर करून विचारले, "सर, त्या माणसाचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, "पळून गेला तो." मुलीने ते लिहून घेतले. शाळेत भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. विद्यार्थ्याने आपले खोटे निमूटपणे वहीत उतरवताना पाहणे मला त्या दिवशी सोसले नाही. दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस उरले होते. पत्नीला "अकोल्याकडे जाऊन येतो" एवढेच सांगून मी सकाळच्या एसटीत बसलो. क्षमा मागायला निघालो होतो, असे म्हणण्याचे धैर्य नाही. तो माणूस जगला की नाही, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. पाठपिशवीत सवयीने चाकूही ठेवला होता.

राहुरी मागे पडली. कोल्हारला गाडी थांबली तेव्हा प्रवरेवरचे ऊन अजून कोवळे होते. तिथे साठीचे एक शेतकरी चढले आणि शेजारी बसले. त्यांच्या काठीला वरच्या टोकाला घुंगरू बांधलेले होते. गाडी लोणीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना उसाची भिंत. मी सहज विचारले, "बिबट्या आहे का इकडे?"

"हाय म्हंजे? आमच्यापरीस जास्त हायती. परवा तर शुगर फॅक्टरीच्या गेटाशी बसला हुता, जसा काय हजेरीला आलाय."

"मग उसाला पाणी द्यायला जाताना जवळ काय ठेवता? चाकू, कुऱ्हाड?"

ते खो खो हसले. "चाकू? बिबट्या काय पेरू हाय व्हय, कापून खायाला? अहो, मी खोकत जातो. काठी आपटत जातो. मोबाईलवर भजन लावतो मोठ्यानं. मानूस आलाय हे त्याला कळलं पायजे. अवचित गाठ पडली का मंग त्यो बी भितो अन् आपून बी भितो. भ्यालेला लई वाईट."

मी पाठपिशवी पायाशी ओढून घेतली. आपण येत आहोत हे समोरच्याला आधी कळवावे, हा विचार मी रानात कधी केलाच नव्हता. मी पाते लपवून चालत आलो होतो.

संगमनेरला गाडी बदलली. अकोल्यापुढे ऊस संपला आणि भातखाचरे सुरू झाली. कुठे पिवळे उभे पीक, कुठे कापून पसरलेल्या लोंब्या. राजूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने डांबरी रस्ता संपतो त्या गावी उतरलो. चहाच्या टपरीवर किसन भेटला. पंचेचाळीसचा, काटक, बोलका. डोंगरात येणाऱ्यांना वाट दाखवणे हा त्याचा जोडधंदा. त्याची वाडी खिंडीपलीकडे होती. मी खिंडीचे नाव घेताच तो म्हणाला, "चला की, मला बी घरीच जायाचं हाय. खळ्यावर झोडनी चाललीय, दुपारच्याला आमच्यातच जेवा."

त्याच्या कमरेला मागच्या बाजूला आकडी (कोयता अडकवायची लाकडी खुंटी) बांधलेली होती आणि तिच्यात कोयता लटकत होता. तो पुढे चालला की कोयत्याचा लाकडावर टकटक आवाज होई. त्या आवाजाच्या मागे चालणे मला जड जात होते.

वाट कारवीच्या (उंच वाढणाऱ्या रानझुडपाच्या) दाटीतून चढत होती. पाने वाळून तपकिरी झाली होती. धुक्याचा मागमूस नव्हता, स्वच्छ ऊन होते, तरीही खिंड मी लगेच ओळखली. डाव्या हाताला तोच तिरपा कातळ होता. आम्ही दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात पलीकडच्या अंगाने कारवीच्या मोळ्या घेतलेले दोन गडी वर आले. किसन त्यांना ओळखत नव्हता. ते दहा पावलांवर असताना किसनचा उजवा हात झटकन पाठीमागे गेला.

तोच हात, तोच वेग, तसाच किंचित वाकलेला खांदा. हात कोयता घेऊन पुढे आला. किसन वाकला आणि त्याने कोयता कातळावर ठेवला. समोरच्या दोघांनीही मोळ्या उतरवल्या, हात मागे नेले आणि आपापले कोयते त्याच्या शेजारी ठेवले. मग तिघांनी रामराम केला. तंबाखू निघाली, चुना निघाला. भाताचे कसे काय, कुणीकडचे, कुणाचे, अशी बोलणी झाली. तीन कोयते उन्हात शेजारी शेजारी पडून होते आणि मी त्यांच्याकडे पाहत उभा होतो.

ते दोघे उतरून गेल्यावर मी विचारले, "कोयते खाली का ठेवले?"

"रीत हाय आमच्याकडं. समोरचा अनोळखी असला का आदी कोयता भुईला, मंग रामराम. हात मोकळा दिसला पायजे."

"आणि समोरच्याला ही रीत माहीत नसली तर?"

"म्हाईत नसायला काय झालं? खाली ठेवतोय म्हनल्यावर कुनाला बी कळतंय की." तो हसला. "पर आमच्या वाडीत एक भागा हाय. त्यानं कोयता ठेवता ठेवता सोताचंच मनगट कापून घेतलं. ह्याच जागंला. दोन बोटं मिटत न्हाईत अजून. हातकाप्या म्हनतो आमी त्याला. पंगतीत बसला का पोरी वरडत्यात, हातकाप्यापासनं इळी लांब ठेवा गं!"

मी विचारले, "तो स्वतः काय सांगतो?"

"त्यो? त्यो म्हनतो, शहरातल्या पाव्हन्यानं कापलं. धुक्यात पाव्हना वाट चुकून त्या अंगाला चालला हुता, म्हनून मागनं हाका मारत गेलो, म्हनतो. आता तुमीच सांगा, पाव्हना कशाला कापंल? अन् त्या अंगाला जाईल कोन? या, दावतो."

त्याने कारवी बाजूला सारली. आम्ही जेमतेम पंधरा पावले चाललो असू. पुढे जमीनच नव्हती. वाट कड्यावर येऊन सरळ तुटली होती आणि खाली, फार खाली, झाडांचे शेंडे दिसत होते.

"हितनं आदी वाट हुती. भागाचा हात कापला त्याच पावसाळ्यात दरड गेली. आमी भागाला म्हनलं, तिकडं कोन गेला असता तर खाली मढं घावलं असतं. घावलं का? न्हाई. मंग लबाड कोन?"

मला त्या दिवशीच्या हाका आठवत होत्या. "ओ पाव्हणं, थांबा!" प्रत्येक हाकेला मी पाऊल अधिक जोरात उचलले होते, ते याच दिशेने. तो अगदी जवळ आला तेव्हा वळून वार केला आणि त्याला ओलांडून उलटा पळालो, म्हणून जिवंत राहिलो. मी कडेपासून मागे सरून खाली बसलो. किसनने पाण्याची बाटली पुढे केली. "ऊन लागलं का? तोंड उतरलंय तुमचं." त्याच क्षणी बोलायला हवे होते. मी पाणी प्यालो आणि "हो, ऊन लागलं," म्हणालो. मला माझी शरम वाटली, तरी बोललो नाही. तेवीस वर्षांची सवय होती ती.

वाडी वीस-पंचवीस घरांची. खळ्यावर दहा-बाराजण भाताच्या पेंढ्या झोडीत होते. भागा ओळखायला कुणाला विचारावे लागले नाही. साठीचा, सडपातळ माणूस डाव्या हाताने पेंढी घट्ट धरून उजव्याने नुसता आधार देत होता. उजव्या हाताची दोन बोटे काठीसारखी ताठ होती. पेंढी निसटली. शेजारी सुपाने भात वारवणारी त्याची बायको चिमाबाई लगेच म्हणाली, "हळू धरा, पेंढी हाय ती, पाव्हना न्हाई!" सगळे खळे हसले. भागाही हसला, पण त्याने मान खाली घातली होती.

खळ्यावरच सगळ्यांची पंगत बसली. जेवायला तांदळाची भाकरी आणि उडदाचे घुटे (घट्ट, मिरी-लसणाची आमटी) होते. चिमाबाईने आग्रहाने वाढले. शेतात राब भाजायचा (रोपासाठी जमिनीवर फांद्या जाळायच्या) तर झाडावर चढून फांद्या तोडाव्या लागतात, हे ती सांगत होती. "आमच्यात झाडावर मी चढते. ह्ये खालनं बोट दावत्यात, कोंची फांदी तोड म्हनून. ते बी वाकडं बोट!" पुन्हा हशा. पानात काही टाकण्याचा मला काय अधिकार होता? मी सगळे संपवले.

हात धुवायला भागा ओढ्यावर गेला, तसा मीही गेलो. पाण्याच्या आवाजात मी त्याला सांगितले. खिंड, धुके, हाका, चाकू. दोन-चार वाक्यांतच संपले ते.

त्याने ओंजळीतले पाणी सोडून दिले. मग म्हणाला, "लई हाका मारल्या मी तुमाला."

"हो. ऐकल्या होत्या मी."

"मला वाटलं, ऐकू गेलं नसंल." तो धोतराच्या सोग्याला हात पुसू लागला. बोटे पुसायला त्याला वेळ लागला.

मी हात जोडले आणि क्षमेचा शब्द काढला, तोच त्याने तो ताठ बोटांचा पंजा वर करून मला थांबवले. "मला नगा सांगू. मला ठावं हाय काय झालं ते. हात गेला त्याचं एवढं न्हाई, डाव्यानं करतो सगळं. पर मी लबाड ठरलो. बायकूचा बी इस्वास न्हाई माझ्यावं. तिकडं सांगा. खळ्यावर."

ओढ्यापासून खळ्यापर्यंत फार तर शंभर पावले असतील. वाटेत माझ्या मनाने कितीतरी मवाळ वाक्ये जुळवली. गैरसमज झाला, धुके होते, मी तरुण होतो. प्रत्येक वाक्य खरे होते आणि प्रत्येकात मी पुन्हा पळत होतो. शेवटी सगळी टाकून दिली. पाठपिशवीतला चाकू अजूनही उपयोगाचा होता, दोर कापायला, फळ चिरायला. तो बाळगण्यात दोष नव्हता. माणूस ओळखण्याआधी मी पाते ओळखले आणि पाहिले नव्हते ते पाहिल्याचे सांगितले, दोष तो होता.

मी खळ्याच्या कडेला उभा राहिलो. "जरा ऐका," मी म्हणालो. "भागादादा खरं बोलतात. त्यांचा हात मी कापला."

झोडणी थांबली. किसन हसत म्हणाला, "घ्या! घुटं खाल्लं म्हनून पाव्हणं भागाची बाजू घ्याया लागले. अहो, चेष्टा कराया आमी पुरं हाय की."

दोघे-तिघे हसले. चिमाबाई हसली नाही. तिने सूप छातीशी धरले आणि सरळ माझ्याकडे पाहून विचारले, "कोंच्या हातानं?"

"डाव्या. मी डावखुरा आहे."

सूप तिच्या हातून खाली आले. भात सांडला. "डावखुरा व्हता म्हनून ह्ये पयल्या दिसापासनं सांगत्यात," ती हळूच म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. किसनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. भागा माझ्या शेजारी उभा होता, कुणाकडेही न पाहता.

मी त्याच्याकडे वळलो आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "भागादादा, मी कड्यावरून पडू नये म्हणून तुम्ही माझ्यामागे आलात. तुम्ही कोयता खाली ठेवत होता आणि मी तुमच्यावर वार केला. तुम्हाला रक्तात सोडून पळालो. तिकडं तुम्हाला चोर म्हणत राहिलो आणि माझ्यामुळं इथं तुम्ही खोटे ठरलात. चूक माझी होती, सगळी माझी. मला क्षमा करा."