अमावस्या टाळून काढलेलं तिकीट

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मुलगी कॅनडात, तिला येणं शक्य नव्हतं. मग माहेरानंच उठून तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी एकटी. जावयानं तिकीट पाठवलं, कॅनडाचा व्हिसा हातात आला आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी डिंकाचे लाडू वळायला घेतले.

नवऱ्यानं तिकिटावरची तारीख पाहून पंचांग उघडलं. त्या दिवशी अमावस्या होती. यांच्या घरात चार पिढ्या यात्रेकरूंची पूजा सांगतात. गाडी घेण्यापासून बोअर मारण्यापर्यंत लोक यांना दिवस विचारून जातात. अमावस्येला बायकोला परदेशी धाडली तर ते लोक काय म्हणतील, याची यांना काळजी. जावयाला न विचारता यांनी ओळखीच्या एजंटाकडून द्वितीयेचं तिकीट करून आणलं. मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, अमावस्या मलाही खुपतच होती.

नवं तिकीट म्हणजे खरं तर दोन तिकिटं होती. मुंबईहून युरोपातल्या एका शहरापर्यंत एक विमान, तिथून पुढे दुसऱ्याच कंपनीचं. मधल्या देशाच्या व्हिसाचं काय, असं एजंटानं विचारलंही होतं. यांनी त्यालाच सुनावलं, की जायचंय तिथला व्हिसा आहे, मध्ये काय ती राहायला उतरतेय? येणाऱ्याजाणाऱ्याचं गोत्र-नक्षत्र खोदून विचारणारा हा माणूस, स्वतःला कळत नाही ते मात्र कुणाला विचारणार नाही.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझे कागद तीनदा चाळले.

"काकू, तुमची तिकिटं वेगवेगळी आहेत. तिथे बॅगा घ्यायला तुम्हाला बाहेर यावं लागेल, आणि त्याला त्या देशाचा व्हिसा लागतो. मी तुम्हाला विमानात बसवू शकत नाही."

एकच तिकीट असतं तर बॅगा परस्पर पुढे गेल्या असत्या आणि मी आतल्या आत विमान बदललं असतं, हेही तिनं समजावलं. म्हणजे जावयानं काढलेलं एकसलग तिकीट अगदी बरोबर होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ट्रॉली ढकलत बाहेर आले तेव्हा हे अजून कठड्यापाशीच उभे होते. परतताना कसारा घाट येईपर्यंत ते एजंटाला शिव्या घालत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढचं सरळ तिकीट आठ दिवसांनंतरचं मिळालं. तिसऱ्याच दिवशी मुलीला कळा सुरू झाल्या. जावई फोनवर सांगत होता, ती सारखी विचारतेय, आई निघाली का. मी देवापाशी बसले नाही. देवाचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, आणि तोंड मिटून बसलेल्या माझा तर सगळ्यांत जास्त.

मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी मुलीनं स्वतः फोन केला, आवाज पार खोल गेलेला. मी काही बोलायच्या आत यांनी फोन घेतला. आधी जन्मवेळ विचारली, मिनिटासकट; पत्रिका मांडायची होती.

"बाबा, मला शुद्ध नव्हती. आई इथे असती तर तिनं घड्याळ बघितलं असतं."

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले. मुलगी पलीकडे रडत होती. तारीख बदलली तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं, असं मी तिला सांगितलं.