औषध गिळलं की बोलायचं

चावीबाईंना कळली नाही अशी बातमी त्या गावात घडलीच नाही, असं खुशाल समजावं. कुणाची सून रुसून माहेरी बसली, कुणाच्या दुकानाचे भागीदार एकमेकांचं तोंड बघत नाहीत, कुठल्या मुख्याध्यापकांचे केस त्यांचे स्वतःचे नाहीत, सगळं सकाळी साडेदहाच्या आत बाईंच्या पदरात. आणि बाई तरी कुठे चकाट्या पिटत हिंडायच्या म्हणता? छे. एका खिडकीमागे उभ्या.

ती खिडकी व्यसनमुक्ती केंद्राची. अफूच्या जातीच्या नशेत आणि दुखण्यावरच्या गोळ्यांत अडकलेली एकशे चाळीस माणसं रोज सकाळी तिथे रांग लावत आणि छोट्या पेल्यातून गोडसर औषध पीत. त्यानं अंगाची तडफड थांबते, माणूस कामाला लागतो. पण औषधही साधंसुधं नव्हे. नको त्याच्या पोटात गेलं तर जीव घेईल. म्हणून नियम असा, की नर्ससमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि मग बोलायचं. घोट तोंडात धरून बाहेर न्यायची अक्कल माणसाला असतेच, आणि तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही.

नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, 'रुग्णाने नाव व नंबर सांगावा.' आता नाव-नंबर ऐकून बाई काय त्याचं लोणचं घालणार? त्या विचारत, "मग, काय विशेष?" बावीस वर्षं विचारत होत्या. सवय इतकी हाडीमाशी खिळली, की घरी नवऱ्यानं चहा संपवला तरी समोर उभ्या राहून म्हणायच्या, "बोला काहीतरी."

"गिळला हो," ते म्हणायचे. "जीभ उचलून दाखवू?"

हसण्यावारी नेलं तरी बाई अडकल्या होत्या, आणि अडकवलं होतं एका कागदानं. दर तीन वर्षांनी केंद्राला मान्यता घ्यावी लागे. डॉक्टर हवा, समुपदेशक हवा, औषधाचं कपाट दोन कुलुपांचं हवं, आणि त्या कपाटाची एक जबाबदार व्यक्ती हवी. तिचं नाव प्रमाणपत्रावर छापलेलं. ती गेली तर नवं नाव मंजूर होईपर्यंत खिडकी बंद. म्हणजे एकशे चाळीस माणसं वाऱ्यावर. बाईंना सहा वर्षांपूर्वीच लेकीकडे राहायला जायचं होतं. पहिल्या तपासणीआधी हाताखालची नर्स लग्न करून गेली, दुसऱ्या वेळी तयार केलेला मुलगा मोठ्या इस्पितळानं पळवला. किल्ल्या बाईंच्या कमरेलाच राहिल्या आणि नाव पडलं चावीबाई.

रोज रांगेत येणारा एक रंगारी एकदा औषध पिऊन म्हणाला होता, "सिस्टर, रोज तुम्हीही येता, आम्हीही येतो. आम्हाला निदान औषध तरी मिळतं."

सगळी रांग हसली. बाईही हसल्या, पण जरा उशिरा.

यंदा लेकीचं दुसरं बाळंतपण होतं. पहिला नातू पाच वर्षांचा झाला, पण आजी म्हणजे फोनमधली बाई एवढंच त्याला ठाऊक. "आई, या खेपेला तरी?" लेकीनं विचारलं, आणि बाईंनी शब्द दिला. नवी सिस्टर आली होती, हुशार, पुस्तक तोंडपाठ. नवऱ्यानं तर दोन बॅगा भरून दारात ठेवल्या. येता-जाता त्यांना ठेचकाळायचे आणि खूश व्हायचे.

तपासणीच्या दिवशी बाहेरगावहून तपासनीस बाई आल्या. शर्त सरळ होती. नव्या सिस्टरनं तासभर खिडकी सांभाळायची, चावीबाईंनी मागे गप्प उभं राहायचं. निभावलं, की नाव बदललं.

चावीबाई आणि गप्प! पण राहिल्या. टायरवाला झाला, शिंपीणबाई झाल्या. नाव, नंबर, पुढचा. किती सुरळीत, आणि किती बेचव.

मग रंगारी आला. प्यायला. पाण्याचा पेला ओठाला लावला. नाव सांगितलं, "साठ नंबर," म्हणाला आणि वळला.

नव्या सिस्टरनं वहीत खूण केली. सगळं पुस्तकाप्रमाणे झालं होतं.

पण बाईंनी मनात हिशोब मांडला. हा माणूस दहा वाक्यांखाली खिडकी सोडत नाही. परवा याच्या पुतण्याचं लग्न, दूर गावी, म्हणजे त्या सकाळी रांगेत येणं अशक्य. घरी न्यायला औषध मिळायला नव्वद दिवस चोख जावे लागतात, याचे झाले होते चौऱ्याहत्तर. आणि गेल्या आठवड्यात यानंच हसत सांगितलं होतं, की तीन वर्षांच्या नातीनं खोकल्याची बाटली गोड म्हणून रिकामी केली.

दोन पावलांत तो दाराबाहेर गेला असता, आणि बाई लेकीकडे.

"रंगारीबुवा," बाई म्हणाल्या, "नात काय म्हणते?"

तो थांबला. नाव-नंबर घोकून आला होता. याचं उत्तर घोकलं नव्हतं. मान खाली घालून त्यानं गालातला कापसाचा बोळा काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. औषधानं चिंब.

"एकच दिवस जायचं होतं, सिस्टर."

"ठाऊक आहे मला."

नव्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तपासनीस बाईंनी चष्मा पुसून बराच वेळ लिहिलं. केंद्राला मान्यता मिळाली. "हिला अजून तयार करा," जाताना त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुमच्यासारखी नजर आहे म्हणून तर मी निर्धास्त सही केली. नावाचं पुढच्या तपासणीत बघू."

पुढची तपासणी तीन वर्षांनी.

लेक फोनवर रागावली नाही, हेच वाईट. "बरं," म्हणाली आणि फोन नातवाकडे दिला. यजमान एक बॅग रिकामी करून दुसरी घेऊन एकटेच गेले. जाताना चहा पिऊन आपणहून म्हणाले, "गिळला हो," पण त्यात नेहमीची मजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रंगारी रांगेत जवळजवळ शेवटी उभा होता. त्याच्या मागे फक्त उशिरा धावत आलेला टायरवाला. रंगारी औषध प्यायला, पाणी प्यायला, न सांगता तोंड उघडून दाखवलं. बाईंनी काही विचारलं नाही. तेव्हा तोच म्हणाला, "सिस्टर, लेक काय म्हणते?"

बाईंच्या तोंडात औषधाचा थेंब नव्हता. तरी बोलता येईना. हात कमरेच्या किल्ल्यांवर, नजर कट्ट्यावर, तशाच उभ्या राहिल्या.

"सिस्टर," मागून टायरवाला हळूच म्हणाला, "मी राहिलोय."